ख्रिस्ताची प्रीती आणि राजकारणातले मतभेद

(कुर्डुवाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कुर्डुवाडीच्या स्थानकाला एके काळी बार्शी रोड असे नाव होते. १८९७ साली येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी धावू लागली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये पंढरपुरावरून मिरजेला. आता हे दोन्ही फाटे रुंद झाले आहेत; बार्शी लाइटची ती ठेंगणी इंजिने म्हाताऱ्या कामगारांच्या गप्पांत तेवढी उरली आहेत. ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलावयाचे असता सुरुवात रेल्वेने का, अशी शंका कोणास येईल. कारण असे की, या विषयाचा कस पाहण्यासाठी जी उदाहरणे घ्यावयाची आहेत त्यांतील एक या जंक्शनातून फुटणाऱ्या एका फाट्यावर, पंढरपुरास आहे, दुसरे दुसऱ्या फाट्यावर, धाराशिवास आहे, आणि तिसरे खुद्द रेल्वे कामगारांचे आहे.

समाजवादी अभ्यासवर्गात धर्माचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे दिसतात. एक लगेच घड्याळाकडे पाहू लागतात, आणि दुसरी सर्व धर्म सारखेच चांगले आहेत असे म्हणून चहाची वेळ झाल्याचे सुचवितात. दोन्ही प्रतिक्रियांत थोडा आळस आहे. प्रश्न अगदी रोजचा आहे. गेल्या काही वर्षांत राजकीय मतभेद सभेच्या मांडवातून उठून घराच्या माजघरात येऊन बसला आहे. सख्खे भाऊ एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जात नाहीत, आणि कारण शेताचा बांध नसून एखादी निवडणूक असते. मोबाइलवरील कुटुंबाच्या गटातून आत्याला काढून टाकले जाते, का, तर तिने भलत्याच पुढाऱ्याचे छायाचित्र धाडले. ज्याच्याशी राजकारणात लढावयाचे त्याच्याशी माणूस म्हणून कसे वागावयाचे, हा प्रश्न ज्या परंपरांनी नेटाने हाताळला त्यांत ख्रिस्ती परंपरा अग्रभागी आहे. तिने तो नेहमी सोडविला असे मात्र नव्हे. चर्चचा इतिहास रक्ताने माखलेल्या पानांनी भरलेला आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात आणि मराठी बायबलमध्ये 'प्रीती' हा शब्द येतो. प्रेम हा शब्द त्या मानाने कमी. या शब्दाबरोबर क्रियापद बहुधा आज्ञार्थी असते. वैऱ्यावरही प्रीती करावी, अशी ती आज्ञा आहे. आता भावनेची आज्ञा करता येत नाही. अमुक माणूस तुला आवडलाच पाहिजे, असे कोणी कोणास फर्मावू शकत नाही. वागणुकीची आज्ञा मात्र करता येते. तेव्हा या प्रीतीचा अर्थ वैरी आवडावा असा नसून, तो आवडत नसतानाही त्याच्या वाट्याचे त्यास द्यावे, त्याचे वाईट चिंतू नये, तो जखमी होऊन रस्त्यात पडला तर त्याला ओलांडून जाऊ नये, असा घ्यावा लागतो. ही गोष्ट भावनेपेक्षा कठीण आहे, कारण तिच्यात पळवाट नाही.

येशूच्या बारा शिष्यांच्या यादीकडे राजकीय कार्यकर्त्याच्या डोळ्यांनी पाहावे. त्यात मत्तय आहे. हा जकातदार, रोमच्या छायेखाली चालणाऱ्या राजवटीसाठी आपल्याच लोकांकडून पैसा गोळा करणारा. आणि त्याच यादीत शिमोन आहे, ज्याला जिलोत म्हणत. या शब्दाच्या नेमक्या अर्थाविषयी पंडितांत वाद आहे. तथापि रोमच्या जोखडाविरुद्ध पेटलेल्या जहालांशी त्याचा संबंध लावण्याची रीत जुनी आहे. ती मान्य केली तर चित्र असे उभे राहते की, सरकारचा वसुलीदार आणि सरकारविरुद्ध बंड मनात बाळगणारा, हे दोघे एका पंगतीत जेवत होते, एका वाटेने पायी चालत होते, आणि रात्री एकाच छपराखाली निजत होते. कुळकायद्याच्या काळात एखाद्या सावकाराचा कारकून आणि शेतकरी संघटनेचा कार्यकर्ता यांना कोणी एका खोलीत तीन वर्षे राहावयास लावले असते, तर काय झाले असते याची कल्पना करावी. विशेष हे की, मत्तयाच्या नावाने चालणाऱ्या शुभवर्तमानातील यादीत त्याच्या नावामागे 'जकातदार' हा शब्द तसाच ठेवला आहे. भूतकाळ पुसला नाही. मतभेद नाहीतच असे सोंग केले नाही.

येथे समाजवादी श्रोत्याच्या मनात एक आक्षेप उठतो, आणि तो रास्त आहे. प्रेमाची भाषा ही बहुतेक वेळा वरच्याने खालच्याला ऐकविलेली असते. गिरणीच्या फाटकावर टाळेबंदीची नोटीस लावणारा मालकही दिवाळीच्या समारंभात कामगारांना 'आपले कुटुंब' म्हणतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला विहिरीवर पाणी भरू न देणारे गावही बाहेरच्या पाहुण्याला सांगते की, येथे सर्व गुण्यागोविंदाने नांदतात. प्रीतीचा उपदेश म्हणजे संपाला चाप, मोर्चाला लगाम, असा अनुभव कामगारांना शतकभर आला आहे. ख्रिस्ती धर्मही या पापातून मुक्त नाही. गुलामांच्या मळ्यांवर हाच धर्म आज्ञाधारकपणा शिकवीत होता.

परंतु ज्याने ही आज्ञा दिली त्याचे वर्तन पाहिले तर या आक्षेपाला उत्तर मिळते. मंदिराच्या आवारातील सराफांचे चौरंग त्याने उलथून टाकले. हेरोद राजाला त्याने कोल्हा म्हटले. धर्मशास्त्र्यांच्या दांभिकपणावर तो जे बोलला ते कोणत्याही पक्षाच्या मुखपत्राला आजही छापताना विचार करावा लागेल. तेव्हा प्रीती म्हणजे मौन नव्हे, आणि विरोध मागे घेणे तर नव्हेच नव्हे. विरोधाला जेथे सीमा पडते ती जागा निराळी आहे: विरोधकाचे माणूसपण जेथे सुरू होते तेथे.

गांधीजी आणि चार्ल्स अँड्र्यूज यांच्या मैत्रीतला एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. १९२१ साली विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. अँड्र्यूज हे मूळचे मिशनरी, इंग्लंडातून आलेले, आणि स्वराज्याच्या बाजूचे. परंतु दुसऱ्याच्या हातांनी विणलेले कापड जाळण्यात द्वेष आहे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी गांधीजींना तसे स्पष्ट कळविले. गांधीजींनी ते मान्य केले नाही. पण त्यांनी केले काय, तर ती टीका 'यंग इंडिया'त, स्वतःच्याच पत्रात छापली आणि तिला उत्तर दिले. होळ्या थांबल्या नाहीत. मैत्रीही थांबली नाही. पक्षाचे साप्ताहिक चालविणाऱ्यांनी हा प्रसंग टेबलासमोर लावून ठेवावा. आपल्याच मित्राचे विरोधी पत्र कापाकापी न करता छापणे हे प्रीतीचे बऱ्यापैकी कठीण काम आहे, आणि ते नेहमी होते असे नाही.

आता या जंक्शनातून निघणाऱ्या पहिल्या फाट्याकडे वळावे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. पतीच्या दीक्षेनंतरचा काही काळ त्यांनी पंढरपुरात, नातलगांच्या आधाराने, लहानग्या दत्तूला घेऊन काढला. त्या काळी धर्मांतर ही खाजगी बाब नव्हती. ब्राह्मणाने राज्यकर्त्यांचा धर्म घेणे म्हणजे देशाला सोडून जाणे, अशी त्या वेळच्या सुशिक्षित समाजाची समजूत होती. म्हणजे हा मतभेद धर्माचा होता तितकाच राजकारणाचाही होता. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, तेव्हाही आधी त्यांची चूल वेगळी होती. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली, आणि दोघांचा संवाद चालू. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण या हकिकतीचे महत्त्व त्या शेवटात नाही. महत्त्व त्या पाच वर्षांत आहे, जेव्हा शेवट कोणालाच ठाऊक नव्हता. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे जाणवते की, त्या बाईने नवऱ्याची थट्टा केली, त्याच्यावर चिडली, रडली, हट्टाला पेटली, पण त्याला शत्रूच्या छावणीतला माणूस म्हणून कधी पाहिले नाही. पुस्तक विनोदाने भरलेले आहे, आणि हा विनोद म्हणजेच तिची प्रीती आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही. ज्याच्यावर अजून हसता येते त्याच्याशी नाते तुटलेले नसते.

टिळकांची दुसरी लढाई चर्चच्या आत होती. ज्या अमेरिकन मिशनने त्यांना जवळ केले त्याच मिशनच्या परकीय वळणावर त्यांनी टीका केली. ख्रिस्त हा पौर्वात्य आहे, त्याची भक्ती अभंगाने आणि कीर्तनाने का होऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करताना त्यांनी देशभक्ती लपविली नाही. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले ते जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने. ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्याच गोटातल्या माणसाने कृतज्ञतेने चरित्र लिहावे, असे राजकीय पक्षांत किती वेळा घडले असेल, हे जाणत्यांनी आठवून पाहावे. समाजवादी चळवळ १९५५ मध्ये फुटली, १९६४ मध्ये जुळली, १९६५ मध्ये पुन्हा फुटली, १९७१ मध्ये पुन्हा जुळली, १९७७ मध्ये जनता पक्षात विसर्जित झाली आणि १९७९ मध्ये त्या घरासह कोसळली. दर वेळी तत्त्वे होती, हे खरे. पण दर वेळी एकमेकांशी बोलणे सोडलेले दोन जिवलग मित्रही होते.

दुसरा फाटा बार्शीवरून धाराशिवाकडे जातो. २०२० च्या जानेवारीत, तेव्हा उस्मानाबाद म्हटल्या जाणाऱ्या या शहरात, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे धर्मगुरू, अनेक वर्षे 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि 'सुबोध बायबल'चे कर्ते. निवड जाहीर होताच एक ख्रिस्ती पाद्री मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा, असा गदारोळ उठला. धमक्या आल्या. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही संमेलनास जाऊ नये असे सांगण्यात आले, ते गेले. दिब्रिटो तेव्हा पाठीच्या दुखण्याने बेजार होते. तरी ते आले आणि हिंसेविरुद्ध, असहिष्णुतेविरुद्ध स्वच्छ बोलले.

या माणसाची पार्श्वभूमी पाहिली की त्यातले मर्म कळते. १९८८ च्या सुमारास वसई-विरारची हिरवी जमीन बांधकामासाठी खुली करण्याचे धोरण आले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात दिब्रिटो अग्रभागी उभे राहिले. समोर जमिनीचा पैसा होता, आणि त्या पैशामागे दांडगाई होती. धर्मगुरूने राजकारणात का पडावे, असे त्यांच्याच लोकांपैकी काहींना वाटले. ते पडले, आणि पडूनही कोणत्या पक्षाचे झाले नाहीत. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत हिंदू होते, ख्रिस्ती होते. विरुद्ध बाजूलाही दोन्ही होते. पर्यावरणाच्या लढाईचा हा एक उपकार मानावा लागेल की, ती धर्माच्या रेषेवर माणसांची विभागणी करू देत नाही. दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये निवर्तले. उस्मानाबादेस ज्यांनी त्यांना विरोध केला त्यांच्याविषयी कटुता न ठेवता त्यांचा विचार मात्र खोडून काढावयाचा, हा जो मार्ग त्यांनी पत्करला, तो दुबळ्याचा म्हणून हिणविता येणार नाही. वसईत ज्याने गुंडांच्या धमक्या पचविल्या तो उस्मानाबादेस भ्याला असता, असे कोण म्हणेल?

येथवर जे झाले ते तसे सोपे होते. दुसऱ्याच्या घरातील मोठेपणा पाहून मान डोलवावयास काही लागत नाही. अवघड प्रकरण घरचे आहे, आणि त्याचे नाव जॉर्ज फर्नांडिस.

१९३० मध्ये मंगळुरात जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी बंगळूरच्या सेमिनरीत पाद्री होण्यासाठी गेला. तेथे वरिष्ठांना चांगले जेवण आणि उंच आसने, विद्यार्थ्यांना निराळे, हे पाहून त्याचे मन उडाले आणि त्याने ती वाट सोडली. मुंबईत येऊन फुटपाथवर झोपला, गोदी कामगारांत वाढला, १९६७ मध्ये स. का. पाटलांना पाडून लोकसभेत गेला. १९७४ च्या रेल्वे संपाचा तो नेता; संप ८ मे रोजी सुरू व्हावयाचा, आणि २ मे रोजीच त्याला लखनौत अटक झाली. आणीबाणीत भूमिगत असता १९७६ च्या जूनमध्ये तो पकडला गेला तो कलकत्त्यास एका चर्चच्या आवारात. त्याच्या भावाचा, लॉरेन्सचा, बंगळूरच्या पोलिसांनी छळ केला. स्नेहलता रेड्डी तुरुंगातून सुटल्या त्या मरणासाठीच, १९७७ च्या जानेवारीत. एका पिढीने या माणसावर जीव ओवाळून टाकला होता.

आणि याच माणसाने पुढे ज्यांच्याविरुद्ध आयुष्य घालविले त्यांच्याशी सत्तेत हात मिळविला. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेली असता जिवंत जाळली गेली. केंद्राने तीन मंत्र्यांचे पथक पाठविले, प्रमुख जॉर्ज फर्नांडिस. परत आल्यावर पथकाने जे सांगितले त्यात सरकारला अस्थिर करण्याच्या आंतरराष्ट्रीय कटाचा वास होता. जो मुलगा सेमिनरीतल्या जेवणाच्या विषमतेने अस्वस्थ झाला, तो या राखेपुढे असे बोलला. २००२ मध्ये गुजरातवरील चर्चेत लोकसभेत त्यांनी जे समर्थन केले ते ऐकून अनेक जुन्या सहकाऱ्यांनी त्यांचे नाव घेणे सोडले.

त्या वेळी दोन प्रकारची वागणूक दिसली. काहींनी जुन्या उपकारांचे स्मरण करून नव्या कृत्यावर पांघरूण घातले. काहींनी नव्या कृत्याने जुने सर्व पुसून टाकले आणि १९७४ चा संपसुद्धा ढोंग होता, असे ठरविले. दोन्ही वागणुकी खोट्या आहेत, कारण दोन्हींत माणूस अर्धा कापला जातो. मत्तयाच्या नावामागचा 'जकातदार' जसा ठेवला, तसे जॉर्जच्या नावापुढे मनोहरपूर ठेवलेच पाहिजे. आणि संपात नोकरी गमावलेल्या कामगाराच्या घरी भिंतीवर त्याचा जो फोटो आहे तोही काढावयास सांगता कामा नये.

याच मनोहरपूरच्या प्रकरणात प्रीतीचा अर्थ एका स्त्रीने दाखविला. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्या पळून गेल्या नाहीत. २००४ पर्यंत बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात राबत राहिल्या. न्यायालयाचे काम न्यायालयात चालले; दारासिंगला आधी फाशी सुनावली गेली, ती उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेत बदलली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती जन्मठेप कायम केली. क्षमेने खटला अडला नाही, खटल्याने क्षमा मागे घेतली गेली नाही. व्यक्तीच्या मनातला द्वेष हा एक हिशेब आणि समाजाचा न्याय हा दुसरा, हे त्या विधवेला ठाऊक होते. कट कोणाचा, या वादात गुंतलेल्या पुढाऱ्यांना ते ठाऊक होते असे दिसत नाही.

जॉर्ज फर्नांडिस २९ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीत वारले. दहन झाले, आणि रक्षा ख्रिस्ती दफनभूमीत पुरली गेली.

राहता राहिले रेल्वे कामगार. १९७४ चा तो संप वीस दिवसांनी मागे घेतला गेला. हजारो तुरुंगात गेले होते, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या, कुटुंबे क्वार्टरांतून बाहेर काढली गेली होती. जे कामावर राहिले त्यांना सरकारने 'निष्ठावंत' ठरवून बक्षिसे दिली. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी काढून टाकलेल्यांना परत घेतले. (दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर दोन इंचांची गादी आली ती याच माणसामुळे, फळीवर पाठ टेकून रात्र काढलेल्यांना हे सांगावे लागत नाही.) नोकऱ्या परत आल्या. पण रेल्वेच्या कोणत्याही वसाहतीत संपवाला आणि निष्ठावंत यांची घरे समोरासमोर असतात, नळ एक असतो, मुलांची शाळा एक असते. तो जो बोलण्याचा धागा तुटला तो मंत्र्याच्या हुकमाने जोडला जात नाही. निष्ठावंतांपैकी काही लाचार होते, हे उघड आहे. काहींच्या घरी आजारी बायको होती, काहींवर बहिणीच्या लग्नाचे कर्ज होते, आणि काहींना संप चुकीचाच वाटत होता, हेही तितकेच खरे आहे.

वेदीवर अर्पण घेऊन आलेल्या माणसाला येशूने सांगितलेली एक अट आहे. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. चूक कोणाची, हे तेथे विचारलेले नाही. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यानेच प्रथम उठावयाचे आहे. संपवाल्याला वाटेल, फितुरी त्याची, मग आपण का जावे? निष्ठावंताला वाटेल, शिव्या त्यांनी दिल्या, मग आपण का? दोघांपुरतेही हे वाक्य सारखेच गैरसोयीचे आहे.

त्या संपात पंचविशीत असलेला कामगार आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. दोन्ही बाजूंची माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कुर्डुवाडीच्या शाखेने येत्या ८ मे रोजी संपाचा स्मृतिदिन पाळावयाचे ठरविले असेल, तर या वेळी हार-भाषणांचा बेत थोडा आखडता घ्यावा. आधीचे दोन महिने तरुण कार्यकर्त्यांनी वही घेऊन म्हाताऱ्यांच्या घरी जावे, आणि यादीत संपात उतरलेल्यांबरोबर त्या वीस दिवसांत कामावर गेलेल्यांचीही नावे घालावीत. त्यांनी सांगितलेले पटले नाही तरी ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. मग ८ मे रोजी दोघांनाही बोलवावे, आणि सभेआधी जेवण ठेवावे; सभेनंतर नव्हे.